विश्लेषण : घरच्या सुतारकामासाठी सँडर घेताना ‘वॉट’ऐवजी धूळ का पाहायची?

जुने सागवानी टेबल पुन्हा उजळवायचे असो, प्लायवूडचे पुस्तकांचे कपाट घरीच करायचे असो किंवा गणपतीसाठी एमडीएफचे मखर कापून रंगवायचे असो, सर्वाधिक वेळ खाते ते घासकाम. हाताने पॉलिश पेपर घासून खांदे भरून आले की पुढची पायरी ठरलेली असते, मोबाइलवर ‘सँडर’ शोधणे. तिथे दोन हजार रुपयांपासून वीस हजारांच्याही पुढची यंत्रे दिसतात. प्रत्येकाच्या नावापुढे वॉट आणि आरपीएमचे आकडे असतात आणि ग्राहक मोठा आकडा पाहून यंत्र मागवतो. मात्र ज्या प्रश्नावरून निवड ठरायला हवी, तो त्या माहितीत शेवटी असतो किंवा नसतोच. हे यंत्र जी धूळ उडवणार, ती जाणार कुठे?

सँडर नेमके काय करतो?

पॉलिश पेपर लाकूड गुळगुळीत करतो म्हणजे खरे तर त्यावर ओरखडे काढतो. कागदावर चिकटवलेले कठीण कण लाकडाचा पृष्ठभाग खरवडतात. आधीच्या कागदाचे मोठे ओरखडे पुढचा बारीक कागद पुसतो आणि आपले लहान ओरखडे मागे ठेवतो. ओरखडे डोळ्याला दिसेनासे झाले की लाकूड ‘गुळगुळीत’ झाले, असे आपण म्हणतो.

कागदाच्या मागे छापलेला क्रमांक कणांचा आकार सांगतो. क्रमांक जितका मोठा, तितका कण बारीक. पी-८० कागदावरील कण सरासरी सुमारे २०० मायक्रॉनचे असतात, पी-१२० चे १२५ मायक्रॉनचे आणि पी-२२० चे सुमारे ६८ मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. सँडर या प्रक्रियेत नवे काही करत नाही. हाताने मिनिटाला शंभरेक वेळा होणारी हालचाल तो हजारो वेळा करतो, एवढेच. वाकडी फळी सरळ करणे, पाटीची जाडी कमी करणे ही कामे रंध्याची आहेत. ती सँडरकडून करून घेण्याच्या हट्टापायी अनेकजण गरजेपेक्षा मोठे आणि आक्रमक यंत्र विकत घेतात.

बाजारात कोणते प्रकार मिळतात?

मुख्य प्रकार चार. पहिला बेल्ट सँडर. दोन रुळांवर फिरणारा कागदाचा पट्टा एकाच दिशेने लाकूड ओरबाडतो. जाड दरवाजा, जिन्याच्या पायऱ्या, भरीव लाकडाचे जाड टॉप यांसाठी तो उपयोगी. पण हात क्षणभर एका जागी थांबला तरी खळगा पडतो. प्लायवूडवर तर त्याचा वापर धोक्याचाच, कारण शोभेच्या प्लायवूडवरील लाकडाचा पापुद्रा अनेकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. डोळ्याचे पाते लवेपर्यंत तो निघून जातो आणि खालचा थर उघडा पडतो. मग पॉलिशच्या कितीही हातांनी तो डाग झाकला जात नाही.

दुसरा ऑर्बिटल किंवा शीट सँडर. याचा तळ चौकोनी असतो आणि तो लहान वर्तुळात थरथरतो. हार्डवेअरच्या दुकानातील पॉलिश पेपरचा ठरावीक ताव चार भागांत फाडला की एक भाग यातल्या लहान यंत्राला बसतो, म्हणून त्याला ‘पाव ताव’ सँडर म्हणता येईल. यंत्र स्वस्त, कागदही स्वस्त आणि चौकोनी तळामुळे कपाटाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचणारे. मात्र ते सावकाश काम करते आणि थरथर हातात जास्त जाणवते.

तिसरा रँडम ऑर्बिटल सँडर. याची गोल चकती एकाच वेळी दोन हालचाली करते. ती मध्यापासून किंचित सरकलेल्या आसावर थरथरते आणि त्याच वेळी बेअरिंगवर मोकळी फिरतेही. त्यामुळे कागदावरचा कोणताही कण पुन्हा त्याच वाटेने जात नाही. ओरखडे एकमेकांत मिसळतात आणि लाकडाच्या रेषांची दिशा बदलली तरी आडवे चरे उठून दिसत नाहीत. दोन फळ्या काटकोनात जिथे जुळतात, तिथे हा फायदा विशेष जाणवतो.

चौथा प्रकार म्हणजे इस्त्रीसारख्या टोकदार तळाचा छोटा डिटेल सँडर. खुर्चीच्या पाठीतील पट्ट्या, खिडकीच्या चौकटी अशा अडचणीच्या जागांसाठी तो बरा, पण टेबलाचा टॉप त्याने घासायला घेतला तर रविवार पुरणार नाही.

याशिवाय आपल्याकडे सर्रास दिसणारा पाचवा, बिननावाचा प्रकार आहे. लोखंड कापण्याच्या ग्राइंडरला घासायची चकती लावायची आणि लाकडावर फिरवायची. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेतो. त्याला वेग कमी करण्याची सोय बहुधा नसते आणि धूळ ओढण्याची तर नसतेच. सपाट लाकडावर तो चंद्रकोरीसारखे खळगे पाडतो आणि निसटला तर बोटांवर येतो. सरावलेल्या कारागिराच्या हातात तो चालतो, पण घरी नव्याने शिकणाऱ्याने या काटकसरीच्या वाटेला जाऊ नये.

मग घरासाठी योग्य कोणता?

बहुतेक घरांसाठी उत्तर एकच आहे, वेग कमीजास्त करता येणारा, १२५ मिलिमीटर म्हणजे पाच इंची चकतीचा रँडम ऑर्बिटल सँडर. तो पी-६० च्या कागदाने जुने पॉलिश उतरवतो आणि पी-२२० च्या कागदाने शेवटचा हातही मारतो. भरीव सागवान, शिसव, प्लायवूड, एमडीएफ या सगळ्यांवर चालतो आणि चूक झाली तरी ती दुरुस्त करण्याइतका वेळ देतो. नवशिक्यासाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोठा.

दीडशे मिलिमीटरची चकती १२५ च्या तुलनेत सुमारे ४४ टक्के अधिक क्षेत्र घासते. पण यंत्र जड होते, महाग होते आणि अरुंद पट्टीवर डगमगते. रोज जेवणाची टेबले बनवणाऱ्याने ते घ्यावे. वर्षातून तीन-चार वस्तू करणाऱ्याला पाच इंच पुरेत.

पाव ताव सँडर टाकाऊ नाही. ज्याचे बजेट अगदीच मर्यादित आहे किंवा ज्याला मुख्यतः कपाटाच्या आतल्या बाजू आणि कोपरेच घासायचे आहेत, त्याच्यासाठी तो चांगला. बेल्ट सँडर मात्र घरी पहिले यंत्र म्हणून घेण्यात शहाणपण नाही. फळ्या फारच खडबडीत असतील तर लाकडाच्या वखारीत रंधा मशीनवर काढून आणाव्यात. ते काम तिथे काही मिनिटांत आणि अधिक सपाट होते.

बॅटरीवरच्या यंत्रांचा मोहही तपासून पाहायला हवा. ड्रिल काही सेकंद चालते आणि थांबते, सँडर मात्र सलग चालतो. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत जेमतेम ३६ वॉट-तास ऊर्जा असते. एका टॉपसाठी ती दोन-तीनदा चार्ज करावी लागू शकते. घरात प्लग जवळ असताना वायरचे यंत्रच सोयीचे.

वॉट आणि आरपीएमचे आकडे किती खरे?

आकडे खोटे नसतात, पण ते निवडीला फारसे उपयोगी पडत नाहीत. नामांकित कंपन्यांचे पाच इंची सँडर साधारण २५० ते ३०० वॉटचे असतात आणि मिनिटाला ४ हजार ते १२ हजार फेरे घेतात. तेवढे घरकामाला पुरेसे आहे. काही कंपन्या फेऱ्यांचा आकडा देतात, काही दोलनांचा. दोलने फेऱ्यांच्या दुप्पट मोजली जातात, म्हणून १२ हजार फेरे आणि २४ हजार दोलने ही एकाच वेगाची दोन नावे असू शकतात.

त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, थरथरीचा व्यास. अडीच-तीन मिलिमीटरचा असेल तर अंतिम सफाई चांगली येते, पाच मिलिमीटरचा असेल तर लाकूड वेगाने निघते पण ओरखडे ठळक राहतात. घरी अडीच-तीनचा घ्यावा. दोन, कंपनाचा आकडा. तो ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ या एककात माहितीपत्रकात दिलेला असतो. युरोपीय महासंघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी हातापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनाची सरासरी २.५ वर गेली की मालकाने उपाय करायचे असतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. घरी कोणी आठ तास घासत नाही, पण दोन यंत्रांत निवड करताना कमी आकड्याचे यंत्र हाताला मुंग्या कमी आणते. तीन, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, धूळ बाहेर जाण्याचे तोंड. त्याला व्हॅक्यूम क्लीनरची नळी घट्ट बसते का?

धुळीला एवढे महत्त्व कशासाठी?

साधा हिशेब करून पाहू. पाच फूट बाय तीन फूट टेबलाच्या सागवानी टॉपवरून केवळ ०.१ मिलिमीटर थर घासला, म्हणजे जेमतेम एका जाडसर कागदाएवढा, तरी सुमारे ९० ग्रॅम धूळ तयार होते. दुसरीकडे, युरोपीय महासंघात कामाच्या ठिकाणच्या हवेत कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे २ मिलिग्रॅम इतकी आहे. जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या अख्ख्या खोलीत ५७ मिलिग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. चिमूटभर मिठाच्याही एका अंशाएवढी ही धूळ. यंत्र मात्र तयार करते तिच्या दीड हजार पट.

यातली बरीचशी जाड धूळ खाली बसते, हे खरे. ती फरशीवर दिसते, झाडता येते. प्रश्न न दिसणाऱ्या धुळीचा आहे. दहा मायक्रॉनहून लहान कण तासन् तास हवेत राहू शकतात आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. कागद जितका बारीक, तितकी धूळ बारीक, म्हणून शेवटचा, सर्वांत निरुपद्रवी वाटणारा हात प्रत्यक्षात अधिक काळजीचा असतो. एमडीएफ तर बारीक केलेल्या लाकडी तंतूंचेच बनते, त्यामुळे त्याची धूळ पिठासारखी उडते आणि तिच्यासोबत फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेचे कणही असतात.

लाकडाच्या धुळीने होणारी इजा वैद्यकाला ठाऊक झाली ती इंग्लंडमधील हाय विकम या गावातून. हे गाव खुर्च्या आणि फर्निचरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण येत आणि त्यांत लाकूडकाम करणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती. पुढे डोनाल्ड ॲचेसन आणि इतर सहकाऱ्यांसह केलेला अभ्यास १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. फर्निचर कामगार आणि हा कर्करोग यांचा संबंध त्यातून पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. माणसात कर्करोग होण्यास कारण ठरल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा तो गट. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. गट एक असला म्हणजे धोका सारखाच, असे नव्हे. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नाही.

हौशी माणसाने एवढे घाबरावे का?

घाबरण्याची गरज नाही, हिशेब समजण्याची आहे. हाय विकमचे रुग्ण वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणारे होते. वर्षातून चार रविवार टेबल घासणाऱ्याला तोच धोका आहे असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण धुळीचे इतर त्रास कर्करोगाएवढी वाट पाहत नाहीत. नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे, दमा उफाळणे हे त्याच दिवशी होऊ शकते. सागवान आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते, कारण या लाकडांतील नैसर्गिक रसायने ॲलर्जी निर्माण करतात.

शिवाय कारखान्यातला कामगार संध्याकाळी धुळीतून बाहेर पडतो. घरी घासणाऱ्याचे कुटुंब त्याच खोलीत जेवते आणि झोपते. टेबल घासले त्या दिवशीची धूळ पंख्याच्या पात्यांवर, पडद्यांत, गादीत बसते आणि पुढे अनेक दिवस थोडी थोडी परत हवेत येते. घरात रांगणारे मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर ‘हौस’ म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

यंत्राची पिशवी पुरेशी नाही का?

नाही. बहुतेक सँडरला मागे कापडी पिशवी किंवा छोटा डबा असतो. तो जाड भुसा पकडतो आणि त्यामुळे काम स्वच्छ होत असल्याचा भास होतो. बारीक कण मात्र कापडाच्या विणीतून बाहेर पडतात. पिशवी अर्धी भरली की ओढही कमी होते.

खरा उपाय म्हणजे ओला-सुका कचरा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, त्यात धूळ साठवणारी कागदी किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी आणि बारीक कण अडवणारी हेपा जाळी. घरातला साधा व्हॅक्यूम थोड्या कामाला चालतो, पण त्याची जाळी लवकर तुंबते. नळी आणि सँडरचे तोंड यांचे माप जुळत नाही, ही नेहमीची अडचण. कंपनीचे जोडनळे मिळतात. ते न मिळाल्यास सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि दोन क्लिपा यांवरही काम भागते. व्हॅक्यूम जोडल्याचा आणखी एक फायदा दिसतो. धूळ कागद आणि लाकूड यांच्यामध्ये साचत नाही, त्यामुळे कागद जास्त टिकतो आणि लाकडावर चरे कमी पडतात. फुप्फुसाचे हित आणि कामाची सफाई इथे एकाच दिशेने जातात.

यंत्राच्या तळाला असलेली भोके आणि कागदावरची भोके जुळणे आवश्यक आहे. पाच इंची चकत्यांत आठ भोकांची रचना सर्वाधिक दिसते. ती न जुळता कागद लावला तर व्हॅक्यूम चालू असूनही धूळ ओढली जात नाही. जाळीदार कागद घेतला तर हा प्रश्न उरत नाही.

मास्क शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क बारीक धुळीला अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ प्रतीचा मास्क अडवतो, तोही चेहऱ्याला कडेने घट्ट बसला तरच. दाट दाढीवर तो बसत नाही. काम संपल्यावरही काही वेळ मास्क काढू नये आणि झाडूऐवजी व्हॅक्यूम किंवा ओले फडके वापरावे. कोरड्या झाडूने बसलेली धूळ पुन्हा उडते.

जुना रंग घासायचा असेल तर?

इथे सँडर बंद ठेवलेलाच बरा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमच्या आत असावे, हा नियम भारतात २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालले पाहिजे. कोकणातल्या घराचे जुने दरवाजे, वाड्यातली खिडकी, चाळीतला कठडा, आजोबांचे रंगवलेले कपाट या वस्तूंवर तर रंगाचे अनेक हात चढलेले असतात. सँडरने ते घासले की शिसे धूळ होऊन घरभर पसरते. लहान मुलांच्या रक्तात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

असा रंग काढायचाच असेल तर रंग उतरवण्याचे रसायन मोकळ्या हवेत वापरावे किंवा काळ्या वॉटर पेपरने पाणी लावून हाताने घासावा. चिखल कोरडा होण्याआधी पुसून घ्यावा, मुलांना आणि गर्भवतींना त्या जागेपासून दूर ठेवावे. रंग घट्ट असेल तर तो न काढता वरून नवा हात देणे हा कमी धोक्याचा मार्ग आहे.

कागद कोणता आणि किती?

यंत्रावर हजारो खर्च करून कागदावर काटकसर करणे ही सर्वांत सामान्य चूक. लाकडासाठी ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा कागद घ्यावा. त्यावर पांढुरका थर असेल तर तो जुने पॉलिश किंवा चिकट लाकूड घासताना लवकर तुंबत नाही. पी-८०, पी-१२०, पी-१८० आणि पी-२२० एवढे चार क्रमांक घरकामाला पुरतात. पॉलिशच्या दोन हातांमध्ये पी-३२० किंवा पी-४०० हाताने फिरवावा.

मधली पायरी गाळू नये. पी-८० वरून थेट पी-२२० वर उडी मारली तर मोठे ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावर उठून दिसतात. फळीवर पेन्सिलीने आडव्या रेघा ओढाव्यात आणि त्या पुसल्या गेल्या की पुढच्या क्रमांकाकडे जावे. दुसऱ्या टोकाचीही चूक होते. डाय किंवा स्टेन लावायचा असेल तर पी-२२० च्या पुढे घासत राहू नये, लाकूड इतके गुळगुळीत होते की रंग नीट मुरत नाही.

यंत्रावर जोर देणे हीदेखील गैरसमजातून होणारी चूक. दाबले की चकतीचे फिरणे मंदावते, मग ती नुसती थरथरते आणि वेटोळ्यासारखे बारीक चरे पाडते. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. सेकंदाला साधारण एक इंच, इतक्या संथपणे ते सरकवावे. कडेवर तिरपे करू नये. घासून घासून कागदाची धार गेली की तो बदलावा. गुळगुळीत झालेला कागद लाकूड कापत नाही, तापवतो.

शेजाऱ्यांचे काय?

सँडरचा आवाज साधारण ८० ते ९० डेसिबलच्या घरात असतो. बेल्ट सँडर त्याहून मोठा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल आहे. बंद खिडकीआड आणि कमी वेगावर काम केल्यास बाहेर जाणारा आवाज कमी होतो, पण खिडकी बंद केली की धूळ आत कोंडते. या पेचातून वाट काढायची तर पुन्हा व्हॅक्यूमच हवा. बाल्कनीत घासणे स्वतःच्या घरापुरते सोयीचे वाटते, मात्र खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे आणि उघडी खिडकी यांचा विचार करावा लागतो. सोसायटीची दुपारची शांततेची वेळ पाळणे आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून ठेवणे यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. कानात इअरप्लग मात्र स्वतःसाठी हवेत.

आणखी एक सूचना आगीची. लाकडात राहिलेल्या खिळ्यावर सँडर घासला तर ठिणगी पिशवीत जाऊ शकते, म्हणून आधी खिळे काढावेत आणि काम संपताच पिशवी घराबाहेर रिकामी करावी. जवसाचे तेल लावलेले फडके चुरगाळून ठेवल्यास आपोआप पेटू शकते. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे.

घरी सुतार बोलावला तर प्रश्न संपतो का?

उलट खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. मुंबई-पुण्यात एखाद्या सदनिकेचे फर्निचर होत असताना घरमालक महिनाभर दुसरीकडे राहतो किंवा एक खोली बंद करून घेतो. राजस्थान, उत्तर प्रदेश किंवा आपल्याच जिल्ह्यांतून आलेले कारागीर मात्र त्याच धुळीत दिवसभर काम करतात, अनेकदा तिथेच जेवतात आणि तिथेच झोपतात. एक घर संपले की दुसरे. हाय विकमच्या कामगारांशी तुलना करायची तर ती हौशी माणसाशी करता येत नाही, या मिस्त्रींशी होते. त्यांच्या चेहऱ्यावर बहुधा रुमालच असतो आणि हातात ग्राइंडर किंवा बिनपिशवीचा सँडर.

याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नाही. काम चौरस फुटाच्या दराने ठरते. त्यात घासकाम वेगळे मोजले जात नाही, धूळ ओढण्याचा खर्च तर नाहीच. व्हॅक्यूम लावणारा कारागीर महाग ठरतो आणि न लावणाऱ्याला काम मिळते. म्हणून जबाबदारीची सुरुवात पैसे देणाऱ्याकडून व्हायला हवी. कोटेशन मागतानाच ‘सँडरला व्हॅक्यूम जोडणार का?’ असे विचारावे, त्याचा खर्च वेगळा मांडायला सांगावा आणि तो द्यावा. शक्य असल्यास घरचा ओला-सुका व्हॅक्यूम आणि एन-९५ मास्कचा डबा कामाच्या जागी ठेवावा. लाखो रुपयांच्या फर्निचरच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ असते.

मग खरेदीचा क्रम कसा असावा?

आधी चांगल्या मास्कचे पाकीट. मग व्हॅक्यूम, तो घरी असेल तर जोडनळा आणि बारीक जाळी. त्यानंतर चार क्रमांकांचे कागद. शेवटी यंत्र, १२५ मिलिमीटरचा रँडम ऑर्बिटल, वेग बदलता येणारा, नळी घट्ट बसणारा आणि ज्याचे सुटे भाग व सर्व्हिस आपल्या गावात मिळते असा. चकतीचा वेल्क्रो तळ आणि कार्बन ब्रश हे भाग झिजतातच. ते मिळत नसतील तर स्वस्त यंत्र वर्षभरात अडगळीत जाते.

एवढे बजेट नसेल तर यंत्र पुढच्या वर्षी घ्यावे. लहान वस्तूसाठी लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर अजूनही उत्तम काम करतो आणि हाताने घासलेली धूळ सावकाश, कमी प्रमाणात उडते. खुर्चीच्या गोल पायांसाठी तर हातच चांगला. यंत्र घेण्याआधी धुळीची सोय करणे याला अतिकाळजी म्हणता येणार नाही. वीस मिनिटांत चकचकीत झालेले टेबल पुढची वीस वर्षे घरात राहणार असते आणि ते घासणाऱ्याचा श्वासही तितकीच वर्षे नीट चालायला हवा.